अस्वलाच्या खंदकात मिरकॅट : एका सोयीच्या युक्तिवादाचा प्रतिवाद

शहरांच्या मधोमध वसलेल्या जुन्या प्राणिसंग्रहालयांतून मोठे प्राणी एकेक करून बाहेर पडत आहेत, आणि त्यांच्यामागे उरलेल्या काँक्रीटच्या खंदकांचे, हौदांचे आणि गजांच्या घरांचे करायचे काय, हा प्रश्न व्यवस्थापनांपुढे उभा राहिला आहे. लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातून शेवटचे ध्रुवीय अस्वल १९८५ मध्ये गेले आणि २००१ मध्ये तिथले हत्ती व्हिप्सनेडच्या मोकळ्या कुरणांवर हलवले गेले. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवण्याचा आदेश काढला, मग त्याची अंमलबजावणी कितीही रखडलेली असो. रिकाम्या झालेल्या अशा जागांसाठी एक ठरावीक उत्तर दिले जाते, आणि ते इतक्या सहजपणे दिले जाते की त्याची तपासणी करण्याची गरज कोणाला फारशी वाटत नाही. मोठ्या प्राण्याला अपुरी ठरलेली जागा छोट्या प्राण्याला भरपूर होते, म्हणून अस्वलाच्या खंदकात मिरकॅट, सिंहाच्या पिंजऱ्यात लेमूर, सीलच्या हौदात पाणमांजरे आणि माकडांच्या घरात कोआटी ठेवावेत, असे ते उत्तर आहे. इमारत वाचते, पैसा वाचतो आणि प्रेक्षकांना नवा प्राणी पाहायला मिळतो, असा त्याचा तिहेरी लाभ सांगितला जातो.

प्राणिसंग्रहालयांच्या व्यवहारात ‘छोटे सस्तन प्राणी’ ही संज्ञा शास्त्रीय वर्गवारीला धरून नाही, ती सोयीने बांधलेली मोट आहे. तिच्यात कृंतक, म्हणजे उंदीर, खारी, साळिंदर यांसारखे आयुष्यभर वाढणाऱ्या दातांनी कुरतडणारे प्राणी, येतात. वटवाघळे आणि चिचुंद्र्या येतात. मुंगूस, पाणमांजर, लाल पांडा यांसारखे छोटे शिकारी किंवा त्यांचे भाऊबंद येतात. टॅमरिन, लोरिस, लेमूर अशी छोटी वानरकुळे येतात, आणि गरज पडली तर वॉलबीसारखे शिशुधान प्राणीही तिच्यात ढकलले जातात. ज्यांच्यात वाळवंट आणि वर्षावन, दिवस आणि रात्र, बीळ आणि झाडाचा शेंडा इतके अंतर आहे, त्यांना केवळ वजनाच्या काट्यावर एकत्र आणायचे आणि मग त्यांपैकी कोणताही एक उचलून कोणत्याही रिकाम्या जागेत ठेवायचा, हा या युक्तिवादाचा पाया आहे. पाया खोटा असल्याने त्यावर उभी राहिलेली उदाहरणे सरसकट वाईट ठरतात असे नाही. काही रूपांतरे उत्तम झाली आहेत आणि त्यांचा विचार पुढे येईलच. परंतु ती का जमली याची कारणे पाहिली, तर ती या युक्तिवादाच्या बाजूने साक्ष देत नाहीत.

पूर्वपक्षाचे पहिले प्रमेय क्षेत्रफळाचे आहे. तीनशे किलोच्या अस्वलाला चारशे चौरस मीटर कमी पडत असतील, पण पाऊण किलोच्या मिरकॅटला तेवढी जागा म्हणजे साम्राज्यच, असा हा त्रैराशिकाचा हिशेब. शरीरविज्ञान मात्र त्रैराशिकाने चालत नाही. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या आणि पुढे त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या नियमानुसार प्राण्याचा ऊर्जाव्यय वजनाच्या पाऊण घातांकाने वाढतो. याचा व्यावहारिक अर्थ असा, की तीनशे किलोच्या प्राण्यापेक्षा दहा हजार पटींनी हलका असलेला तीस ग्रॅमचा प्राणी आपल्या शरीराच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे दहापट वेगाने ऊर्जा जाळतो. दोन ग्रॅम वजनाच्या एट्रुस्कन चिचुंद्रीला दिवसभरात स्वतःच्या वजनाइतके किंवा त्याहून अधिक खावे लागते. शरीर जितके लहान तितका आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग मोठा, आणि पृष्ठभाग मोठा म्हणजे उष्णता गमावण्याची वाट मोठी. अस्वल थंड फरशीवर पडून रात्र काढू शकते, कारण त्याच्या अंगावर चरबीचा थर आणि पोटात दिवसाचा साठा असतो. छोट्या प्राण्याकडे यांपैकी काही नसते आणि त्याचे सगळे संरक्षण त्याच्या घरट्यात, बिळात, कळपाच्या उबेत आणि ऊन-सावलीच्या बारीक निवडीत असते. काँक्रीटच्या खंदकात नेमकी हीच निवड उरलेली नसते. उन्हाळ्याच्या दुपारी त्याच्या भिंती तापतात व संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतात, आणि हिवाळ्यात त्याच्या तळाशी थंड, ओली हवा साचून राहते. हिमालयाच्या थंड जंगलांतल्या लाल पांड्याला तापमान पंचविशीच्या पुढे गेले की त्रास होऊ लागतो. युरोपातल्या दक्षिणाभिमुख खंदकात त्याला ठेवणे आणि शेजारी पंख्याची किंवा फवाऱ्याची सोय करून समाधान मानणे, म्हणजे जागेने निर्माण केलेल्या दोषावर यंत्राने उतारा शोधणे होय.

जागेचे मोजमाप चौरस मीटरांत करण्यातली चूक स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिली होती. बर्न, बाझेल आणि झ्युरिक या तिन्ही प्राणिसंग्रहालयांचे संचालकपद भूषवलेल्या या माणसाने सांगितले ते असे, की प्राण्याच्या दृष्टीने जागेचे मोल तिच्या विस्तारापेक्षा तिच्या गुणवत्तेवर ठरते; निसर्गातला प्राणी मोकाट हिंडत नसतो, तो झोपण्याची, खाण्याची, लपण्याची, अंग घासण्याची, खुणा करण्याची अशी ठिकाणे आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा यांच्या जाळ्यात राहतो, आणि शत्रू किती अंतरावर आला की पळायचे याचेही त्याचे ठरावीक माप असते, ज्याला हेडिगर पलायन-अंतर म्हणतात. आता वरून कठड्याला टेकून खाली पाहण्यासाठी बांधलेल्या खंदकाचा विचार करावा. अस्वलाला वरचा माणूस धोक्याचा वाटण्याचे फारसे कारण नव्हते, उलट तो पाव फेकणारा होता. पण मिरकॅटसारखा प्राणी, ज्याच्या कळपात आळीपाळीने एक जण पहारेकरी होऊन गरुड-ससाण्यांसाठी आकाश निरखत बसतो, त्याला दिवसभर डोक्यावर हलणाऱ्या सावल्यांखाली ठेवणे हे त्याच्या पलायन-अंतराची थट्टा करण्यासारखे आहे. चारशे चौरस मीटरांपैकी त्याच्या उपयोगाचे उरतात ते भिंतीच्या कडेने असलेले आडोशाचे चार तुकडे, आणि बाकीचे साम्राज्य नकाशावर राहते.

मिरकॅटची गोष्ट थोडी तपशिलाने पाहायला हवी, कारण रिकाम्या जागा भरण्यासाठी त्याची निवड वारंवार केली जाते आणि ती करताना तो ‘काटक’ असल्याचे सांगितले जाते. हा दक्षिण आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातला मुंगूसवर्गीय प्राणी खणून जगतो. विंचू, अळ्या, भुंगे तो वाळूतून उकरून काढतो, बिळांत रात्र काढतो आणि सकाळी बाहेर येऊन पोटावरची विरळ केसांची काळसर त्वचा उन्हाकडे करून अंग तापवतो. म्हणजे त्याला खोल, निचरा होणारी, ढासळणार नाही अशी माती हवी, सकाळचे तिरके ऊन हवे आणि उत्तर युरोपातल्या हिवाळ्यात तापवलेली आतली जागा हवी. काँक्रीटच्या तळावर हातभर वाळू ओतली की यांतल्या पहिल्या दोन गरजा पूर्ण होतात, अशी समजूत दिसते. प्रत्यक्षात ती वाळू पावसाने चिकटून बसते, बीळ धरत नाही, आणि खंदकाची उंच भिंत सकाळचे ऊन दुपारपर्यंत अडवून धरते. त्याहून गंभीर बाब कळपाच्या रचनेची आहे. कळपात प्रजननाचा हक्क मुख्यतः एका वर्चस्वी मादीकडे असतो आणि ती वयात आलेल्या दुय्यम माद्यांना हुसकावून लावते, प्रसंगी त्यांची पिल्लेही मारते. निसर्गात हुसकावलेली मादी निघून जाऊ शकते, खंदकातून ती जाणार कुठे? वेगळे काढलेल्या प्राण्यांना ठेवायला मागच्या बाजूस आणखी दोन-तीन स्वतंत्र दालने लागतात, आणि एकट्या अस्वलासाठी बांधलेल्या वास्तूत मागे एकच कोठडी असते. प्रेक्षकाला दिसणारा भाग बदलून प्राण्याचे घर बदलते, हा भ्रम इथे उघडा पडतो.

पाणमांजरांची कथाही याच जातीची, आणि ती थोडक्यात आटोपता येते. आशियाई छोट्या नखांच्या पाणमांजराला, जे भारतात पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातही आढळते, पाण्याइतकीच किंबहुना अधिक गरज कोरड्या जमिनीची असते, कारण अंग घासून, लोळून फर वाळवली नाही तर तिची पाणी रोखण्याची क्षमता जाते आणि प्राणी थंडीने आजारी पडतो. सीलच्या हौदात पाणी भरपूर आणि कोरडी जमीन कडेपुरती, म्हणजे प्रमाण नेमके उलटे. तरीही हौद दिसला की पाणमांजर सुचते.

क्षेत्रफळाच्या प्रमेयाचा दोष निदान डोळ्यांना दिसतो. त्याहून धोकादायक दोष न दिसणारा आहे, तो जमिनीत असतो. पूर्वपक्ष असे गृहीत धरतो की आधीचा प्राणी निघून गेला, जागा धुतली, रंग दिला, की ती कोरी झाली. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीचे उदाहरण हे गृहीतक मोडून काढायला पुरेसे आहे. या परजीवीचे लैंगिक प्रजनन केवळ मार्जारकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यात होते आणि त्यांच्या विष्ठेतून त्याच्या कवचबंद अवस्था, म्हणजे अंडपुटी, बाहेर पडतात. ओलसर, सावलीतल्या मातीत त्या वर्षभराहून अधिक काळ जिवंत राहू शकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. मांजरकुळाबरोबर ज्यांची उत्क्रांती झाली नाही असे मादागास्करचे लेमूर आणि ऑस्ट्रेलियाचे वॉलबी, तसेच जमिनीवर क्वचितच उतरणारी दक्षिण अमेरिकेतली खारमाकडे, यांना हा संसर्ग फार लवकर जीवघेणा ठरतो. मिरकॅटही त्याला बळी पडल्याच्या नोंदी आहेत. जुन्या सिंह-चित्त्यांच्या किंवा छोट्या रानमांजरांच्या आवारात ठेवण्यासाठी जे प्राणी सर्वांत आधी सुचवले जातात त्यांची यादी आणि टॉक्सोप्लाझ्माने सर्वांत लवकर मरणाऱ्या प्राण्यांची यादी यांत इतके साम्य असावे, हा योगायोग व्यवस्थापनांनी गंभीरपणे घ्यायला हवा होता. यावर, मग मांजराच्या जागी मांजरच ठेवावे, अशी पळवाट काढली जाते. परंतु मध्य आशियातल्या थंड, कोरड्या पठारांवरील मनूल या छोट्या रानमांजराची बंदिवासात जन्मलेली पिल्ले मोठ्या प्रमाणावर दगावण्याचे प्रमुख कारण हाच परजीवी ठरला आहे.

रॅकूनच्या आतड्यातला बेलिसॅस्करिस हा गोलकृमी तर याहून चिवट आहे. एक मादी कृमी दिवसाला लाखाहून अधिक अंडी घालते, ती दोन-चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात, मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि त्यांना मारण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे उकळते पाणी किंवा थेट ज्योत. रॅकूनला स्वतःला या कृमीचा फारसा उपद्रव होत नाही; पण ससे, तसेच मार्मोट, प्रेअरी डॉग यांसारखे कृंतक यांच्या पोटात ती अंडी गेली की अळ्या शरीरभर भटकत मेंदूत शिरतात आणि प्राणी तोल जाऊन, गोल गोल फिरत मरतो. पक्षी आणि सस्तन प्राणी मिळून शंभराहून अधिक जातींत असा आजार नोंदला गेला आहे. युरोपीय संघाने २०१४ च्या नियमाखाली २०१६ मध्ये परकीय आक्रमक जातींची जी पहिली यादी लागू केली, तिच्यात रॅकून आणि कोआटी दोन्ही होते. त्यांचे प्रजनन थांबले, असलेले प्राणी म्हातारे होऊन मरेपर्यंत सांभाळायचे ठरले, आणि त्यामुळे युरोपभर छोट्या सस्तन प्राण्यांची आवारे एकामागून एक रिकामी होऊ लागली. म्हणजे इथे प्रश्न अस्वलाच्या जागी खार ठेवण्याचाही नाही, एका छोट्या सस्तन प्राण्याच्या जागी दुसरा छोटा सस्तन प्राणी ठेवण्याचा आहे, आणि ‘मापाला माप जुळते’ असे म्हणत रॅकूनच्या आवारात प्रेअरी डॉग सोडणे हे सर्वांत स्वाभाविक आणि सर्वांत घातक पाऊल ठरू शकते. वरची माती खणून काढून टाकणे, लाकडी ओंडके जाळणे, फटी बुजवणे, काँक्रीट ज्योतीने भाजणे, हा सगळा खर्च जमेस धरला म्हणजे ‘पैसा वाचतो’ या दाव्याचे काय उरते, ते हिशेबनिसांनी सांगावे.

वासाचा मुद्दा या मानाने कमी निर्विवाद असला तरी टाळता येण्याजोगा नाही. कोल्ह्याच्या विष्ठेतल्या एका गंधद्रव्याने प्रयोगशाळेत वाढलेल्या, कोल्हा कधी न पाहिलेल्या उंदरांतही भीतीची प्रतिक्रिया उमटते, हे वारंवार दिसून आले आहे. सच्छिद्र काँक्रीटमध्ये आणि जुन्या लाकडात मुरलेला शिकाऱ्याचा मूत्रगंध छोट्या भक्ष्य-प्राण्याच्या दृष्टीने किती काळ ‘बोलत’ राहतो, याचा विचार रंगकामाच्या अंदाजपत्रकात नसतो.

या टप्प्यावर पूर्वपक्ष आपले सर्वांत चांगले उदाहरण पुढे करतो, आणि ते खरोखरच चांगले आहे. अमेरिकेतल्या लुईव्हिल प्राणिसंग्रहालयाने १९९० च्या दशकात ‘आयलंड्स’ नावाचे दालन उभारले, ज्यात वाघ, ओरांगउटान, सियामांग, टापीर आणि बाबिरुसा यांना एकाच जोड-आवारातून आळीपाळीने फिरवले जाते. आधीच्या प्राण्याचे वास, बदललेली जागा, नवी वाट यांमुळे प्राण्यांची हालचाल आणि कुतूहल वाढते, असा तिथला अनुभव आहे. एकाच जागेत वाघ आणि टापीर आलटून पालटून राहू शकतात, तर एका जागेत आज अस्वल आणि उद्या मिरकॅट का नको, असा प्रश्न त्यावरून विचारला जातो. उत्तर त्या दालनाच्या बांधणीतच आहे. ते आरंभापासून अनेक जातींसाठी, त्यांपैकी सर्वांत बलवान, सर्वांत चढाऊ आणि सर्वांत नाजूक प्राण्याच्या गरजा एकत्र करून आखले गेले. प्रत्येक जातीला मागे स्वतःचे कायमचे निवासस्थान आहे, तिथे तिचाच वास आणि तिचेच वेळापत्रक चालते, आणि सामाईक आवारात तिने काही तास यावे, एवढीच अपेक्षा आहे. रिकाम्या खंदकात सोडलेल्या मिरकॅटला परत जायला असे दुसरे घर नसते. शिवाय लुईव्हिलच्या यादीत एकही लहान किंवा बिळात राहणारा प्राणी नाही, हेही सोयीस्करपणे विसरले जाते.

पूर्वपक्षाचा शेवटचा आणि नैतिकदृष्ट्या सर्वांत वजनदार मुद्दा उपेक्षेचा आहे. ज्ञात सस्तन जातींपैकी सुमारे चाळीस टक्के कृंतक आहेत आणि पाचवा हिस्सा वटवाघळांचा आहे. तरीही प्राणिसंग्रहालयांच्या जागेचा आणि पैशाचा मोठा वाटा मूठभर देखण्या, मोठ्या जातींकडे जातो. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने १९६९ मध्ये निशाचर प्राण्यांसाठी खास बांधलेले ‘वर्ल्ड ऑफ डार्कनेस’ २००९ मध्ये पैशाच्या तुटवड्यामुळे बंद केले आणि ते कित्येक वर्षे बंदच राहिले. अशा स्थितीत नवे, स्वतंत्र बांधकाम मिळण्याची आशा नसेल तर जुनी जागा तरी मिळू द्या, दगडापेक्षा वीट मऊ, असे या प्राण्यांचे कैवारी म्हणतात. त्यांची तळमळ खरी आहे आणि तिच्याविषयी आदर बाळगूनच असे म्हणावे लागते, की ज्यांची उपेक्षा झाली त्यांना उरलेसुरले देणे हा उपेक्षेचाच पुढचा हप्ता आहे. हत्तीसाठी नवे आवार बांधताना त्याच्या पायांचा, कळपाचा, चालण्याच्या अंतराचा अभ्यास होतो. साळिंदराच्या बाबतीत मात्र कोणती जागा मोकळी आहे, एवढेच विचारले जाते. निशाचर प्राण्यांसाठी दिवस-रात्र उलटवणारी कृत्रिम प्रकाशव्यवस्था घ्या. प्रेक्षकांना प्राणी जागा दिसावा म्हणून दिवसा मंद प्रकाश आणि रात्री लख्ख प्रकाश देण्याची ही पद्धत. परंतु मंद प्रकाश कोणत्या रंगाचा असावा, एवढ्या एका तपशिलानेही लोरिससारख्या प्राण्याचे जगणे बदलते. क्लीव्हलँडच्या प्राणिसंग्रहालयात झालेल्या अभ्यासात लाल प्रकाशापेक्षा निळ्या प्रकाशात या प्राण्यांची हालचाल मंदावल्याचे आणि झोप-जागेचे चक्र सांभाळणाऱ्या मेलाटोनिनचे प्रमाणही घटल्याचे दिसले. एका दिव्याच्या रंगाने इतका फरक पडतो, तिथे पक्ष्यांच्या जुन्या घराच्या खिडक्यांना काळा रंग फासून ‘निशाचर गृह’ तयार झाले असे जाहीर करणे कितपत प्रामाणिक?

छोट्या प्राण्याच्या आवारातला तपशील हा जीवन-मरणाचा प्रश्न असतो, याचा सर्वांत स्पष्ट दाखला अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटने दिला आहे. नामशेष मानला गेलेला हा मुंगसाच्या बांध्याचा शिकारी १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ पुन्हा सापडला, पण रोगांनी ती वस्तीही ढासळली आणि १९८७ पर्यंत शेवटचे अठरा प्राणी बंदिवासात आणावे लागले. त्यांच्या संततीला पुन्हा माळावर सोडायची वेळ आली, तेव्हा पिंजऱ्यांत वाढलेल्या पिल्लांपेक्षा प्रेअरी डॉगची खरी बिळे असलेल्या बाहेरच्या आवारांत वाढलेली पिल्ले अधिक प्रमाणात तगली. भक्ष्याच्या बिळात शिरणे, त्यातच राहणे आणि धोका दिसताच त्यात नाहीसे होणे हे ती तिथेच शिकली होती. ज्या कार्यक्रमाचे यश पिल्लाच्या पायाखालच्या मातीवर ठरले, त्याच्या अनुभवानंतरही छोटा प्राणी कुठेही वाढतो असे म्हणत राहणे हे अज्ञान राहत नाही, तो हट्ट होतो.

आता जमलेल्या रूपांतरांकडे वळता येईल, आणि त्यासाठी लंडन हीच योग्य जागा, कारण तिथे वारसाकायद्यामुळे जुनी वास्तू पाडता येत नाही आणि म्हणून प्रश्न टाळताही येत नाही. सेड्रिक प्राइस, लॉर्ड स्नोडन आणि फ्रँक न्यूबी यांनी रचलेले आणि १९६५ मध्ये उघडलेले ताणलेल्या तारांचे उत्तुंग पक्षिगृह वास्तुविशारद फॉस्टर यांच्या संस्थेने नव्याने जाळी बसवून २०२२ मध्ये कोलोबस माकडांसाठी खुले केले. हे रूपांतर डोळसपणे झाले, कारण त्या वास्तूचा मुख्य गुण, म्हणजे उंची, हीच त्या माकडांची मुख्य गरज होती. कोलोबस शेंड्यांवर राहतात, पाने खातात आणि लांब झेपा घेतात. त्याच न्यायाने १९६७ च्या चार्ल्स क्लोर पॅव्हिलियनचा पुनर्वापर समजून घ्यावा लागतो. ती वास्तू मुळातच छोट्या सस्तन प्राण्यांसाठी बांधलेली होती आणि तिच्या तळघरात दिवस-रात्र उलटवणारे ‘मूनलाइट वर्ल्ड’ होते. पुढे तिच्या वरच्या भागात वर्षावनातले प्राणी आले, ते तिथे रुळले, कारण उष्णता, आर्द्रता, निचरा आणि प्रकाश यांवर नियंत्रण ठेवणारी तिची यंत्रणा त्यांना उपयोगी होती. पुनर्वापराला खरे भांडवल पुरवतात ते नळ, तारा आणि हवा; भिंतींचा वाटा त्यात सर्वांत कमी.

याउलट १९१३-१४ मध्ये मॅपिन यांच्या देणगीतून उभे राहिलेले कृत्रिम पर्वत, म्हणजे मॅपिन टेरेसेस. अस्वलांसाठी रचलेल्या या काँक्रीटच्या कड्यांनी एका शतकात ध्रुवीय अस्वलांपासून ऑस्ट्रेलियातल्या वॉलबी आणि एमूंपर्यंत अनेक भाडेकरू पाहिले. वॉलबींनी वापरला तो पायथ्याचा सपाट भाग. कडे हे त्यांच्यामागचे चित्र राहिले. म्हणजे जे वापरले गेले त्यासाठी हा पर्वत लागत नव्हता आणि ज्यासाठी पर्वत होता ते करणारा प्राणी तिथे नव्हता. तिथल्याच कॅसन पॅव्हिलियनमध्येही हत्ती-गेंड्यांनंतर उंट आणि दाढीवाली डुकरे आली. जाड, खडबडीत भिंतींचे ते भव्य घर त्यांना गैरसोयीचे होते असे नाही, फक्त त्याच्या भव्यतेचा त्यांना काही उपयोग नव्हता.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हाच हिशेब शेकरूला लावून पाहावा. राज्यप्राणी असलेली ही मोठी खार सह्याद्रीच्या सलग झाडीत शेंड्यावरून शेंड्यावर पाच-सहा मीटरांच्या झेपा घेत हिंडते, एकापेक्षा अधिक घरटी बांधते आणि जमिनीवर अगदी नाइलाजाने उतरते. तिच्यासाठी अस्वलाचा रिकामा खंदक जितका निरुपयोगी, तितकाच हत्तीचा रिकामा गोठाही. लहान शरीराच्या या प्राण्याला गरज आहे ती मोठ्या उंचीची. भारतात वारसादर्जाचे बंधन असलेली प्राणिगृहे विरळ असल्यामुळे, लंडनला ज्या अडचणीत तडजोड करावी लागते ती अडचण इथे सहसा नाही; इथे रिकामी वास्तू पाडून जमीन मोकळी करता येते, आणि १९९२ पासून अस्तित्वात असलेले केंद्रीय प्राधिकरण जागेपेक्षा जातीपासून सुरुवात करण्याचा आग्रह धरू शकते. ते न करता तडजोडीचेच अनुकरण केले, तर ते अनुकरण मजबुरीचेही म्हणता येणार नाही.

राहता राहिला आक्षेप असा, की वारसावास्तू रिकामी ठेवणे हे अपयश दिसते, म्हणून तिच्यात कोणता ना कोणता प्राणी असलाच पाहिजे. बर्टोल्ड लुबेटकिन यांच्या टेक्टन गटाने ओव्ह अरुप यांच्या स्थापत्यसाहाय्याने १९३४ मध्ये बांधलेला लंडनचा पेंग्विन हौद, एकमेकींना न टेकता वळत जाणाऱ्या त्याच्या दोन उतरत्या पट्ट्यांसह, आधुनिक वास्तुकलेच्या प्रत्येक इतिहासात आढळतो. पण त्या काँक्रीटवर चालून पेंग्विनांच्या तळपायांना जखमा होत आणि त्या चिघळून ‘बंबलफूट’ नावाचा संसर्ग होई. २००४ मध्ये पेंग्विन तिथून हलवले गेले, नंतर चिनी ॲलिगेटरांना ठेवून पाहण्यात आले, तेही जमले नाही, आणि पेंग्विनांसाठी २०११ मध्ये वाळू-खडीचा किनारा असलेले नवे आवार करावे लागले. हौद आता कामाचा नसेल तर तो उडवून द्यावा, असे लुबेटकिन यांच्या कन्येनेच २०१९ मध्ये जाहीरपणे सुचवले होते. इतके टोक गाठण्याची गरज नाही. तो हौद शिल्प म्हणून उभा राहू शकतो, त्याच्या दुरुस्तीचा खर्च वास्तुवारशाच्या खात्यातून निघू शकतो, आणि वास्तुकलेचे विद्यार्थी तो पाहायला येतच राहतील. त्यात एकही प्राणी नाही, आणि त्यामुळे त्याच्या पहिल्या श्रेणीच्या वारसादर्जाला काडीचाही धक्का लागलेला नाही.